माझे हरवलेले तीन सेंटिमीटर

मी एक जुना टेप आहे. गाणी वाजवणारा नव्हे हं, मोजायचा. पिवळा, कापडी, दीड मीटर लांब, अंगभर काळे आकडे. आता पार विटलोय, कडा उसवल्यात, आणि साठ ते सत्तरच्या मधे शाईचा एक मोठा डाग पडलाय. मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तुम्ही हसलात तरी चालेल. मी भित्रा आहे. नुसती कात्री दिसली तरी माझी गुंडाळी घट्ट होते. कसर लागेल म्हणून घाबरतो, ओल लागेल म्हणून घाबरतो. पण हे सगळं किरकोळ. एक भीती अशी आहे, की ती आठवली तर आजही मला कपाटात जागच्या जागी घाम फुटतो. तीच सांगायला बसलोय.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कापडाच्या लांबलचक पट्ट्या, वर रोगण, मग आकडे, मग दोन्ही टोकांना पत्र्याच्या चिमुकल्या टोप्या. शेवटी एका टेबलाशी एक चष्मेवाली बाई बसलेली असे. तिच्यासमोर पोलादाचा एक दांडा ठोकलेला होता. ती प्रत्येक टेप त्या दांड्यावर ताणून धरी आणि "बरोबर" असं पुटपुटून खोक्यात टाकी. मलाही तिनं ताणलं, बरोबर म्हटलं आणि टाकलं. त्यानंतर सोळा वर्षं मला कुणी तपासलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा.

माझी भावंडं शिंप्यांकडे गेली. त्यांच्या नशिबी नवे कपडे, मी मात्र एका वेगळ्याच जागी येऊन पडलो. साहाय्यक साधन केंद्र असं त्या जागेचं नाव. ज्यांना चालता येत नाही, नीट ऐकू येत नाही, हातात चमचा धरता येत नाही, अशी माणसं तिथे येत. कुणाला कोणतं साधन लागेल, हे तिथे तपासून ठरवत. एक मोठी खोली होती. खोलीत तीन पायऱ्या होत्या, त्या कुठेच जात नव्हत्या. एक दार होतं, त्याला भिंतच नव्हती. एका कोपऱ्यात संडासाचं भांडं होतं, पाण्याची जोडणी नसलेलं. पहिल्या दिवशी मला वाटलं, या लोकांचं घर बांधता बांधता पैसे संपलेले दिसतात! मग कळलं, तिथे माणसं चढून पाहतात, वळून पाहतात, उठून पाहतात. भिंतीवर काठ्या, कुबड्या, जाड मुठीचे चमचे, मोठ्या अक्षरांचे तक्ते असं सगळं टांगलेलं. आणि मधोमध चाकांच्या खुर्च्या.

तिथली मुख्य म्हणजे मापबाई. खरं नाव वेगळं होतं, पण येणारी पोरं तिला मापबाईच म्हणत आणि पोरांच्या तोंडून ते मोठ्यांच्या तोंडी बसलं. अंगानं चांगली भरदार, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, चपला फटाक फटाक वाजवत चालायची. माणूस समोर आला की ती कागद बाजूला ठेवी आणि म्हणे, "दुखणं इथे लिहिलेलं आहे. मला तुमचा दिवस सांगा. उठता केव्हा? पहिला पाय कुठे ठेवता?" मग अर्धा अर्धा तास नुसतं ऐकणं. एकदा एक म्हातारे मास्तर चाकांची खुर्ची मागायला आले. बाईनं त्यांचा सगळा दिवस ऐकून घेतला आणि शेवटी संडासात धरायला एक दांडा आणि बसायला एक उंच स्टूल एवढंच दिलं. मास्तर फुरंगटले. महिन्यानं स्वतःच्या पायांनी आभार मानायला आले.

येणारी माणसं घाबरलेली असत, मित्रांनो. मी त्यांच्या अंगाला लागे ना, मला कळे. माप घेताना पोट आत ओढलेलं, श्वास अडकलेला. काही जण होते त्याहून बरे असल्याचं दाखवत, कारण नोकरी जाईल. काही जण होते त्याहून वाईट असल्याचं दाखवत, कारण नाहीतर साधन मिळणार नाही. बाई सगळ्यांना सांगे, "ही परीक्षा नाही. नापास करायला मी इथे बसलेली नाही." मग कुठे त्यांचा श्वास सुटे.

खुर्चीचं माप म्हणजे पोरखेळ नव्हे. बैठक रुंद झाली तर माणूस एका अंगावर कलतो. खोल झाली तर पुढे घसरतो. ज्याला कमरेखाली काही जाणवतच नाही, त्याचं हाड एकाच जागी रुतत राहतं आणि त्याला पत्ता लागत नाही. आधी कातडी लाल होते, मग फाटते, मग आतपर्यंत सडत जाते. अशा जखमेनं माणसं गेलेली बाईनं पाहिली होती. म्हणून ती प्रत्येक माप दोनदा घेई, आणि मी बिचारा दोन्ही वेळा थरथरत असे.

एके दिवशी माझं टोक एका खुर्चीच्या चाकात अडकलं आणि कुणीतरी नेमकं तेव्हाच चाक फिरवलं. टर्रकन आवाज झाला. माझी पत्र्याची टोपी गेली आणि तिच्याबरोबर सुरुवातीचा तुकडाही गेला. संपलं, आता कचरापेटी, असं म्हणून मी डोळे मिटले. पण बाईला माझी सवय झालेली. तिनं कात्री घेतली (काय सांगू माझी अवस्था!), तीनच्या आकड्यावर मला सरळ कापलं, आणि उसवू नये म्हणून टोकाला चामड्याचा एक तुकडा दुमडून शिवला. त्या चामड्याखाली तीन, चार आणि पाच झाकले गेले. "झालं. तीन उणे करायचे, एवढंच," ती म्हणाली. तेव्हापासून माप घेतलं की ती पुटपुटे, "एकोणचाळीस, तीन उणे, छत्तीस." कित्येक वर्षं तिचं एकदाही चुकलं नाही. एका मदतनीस बाईनं एकदा म्हटलंसुद्धा, "अहो, टेपवर लिहून तरी ठेवा." तर म्हणे, "एवढं काय लिहायचं! माझ्याशिवाय त्याला हात कोण लावतंय?"

मग बाई निवृत्त झाली. तिच्या जागी नवे सर आले. त्यांना सगळं समजावून द्यायला तिनं दोन दिवस घेतले. कोणत्या खुर्चीचा स्क्रू ढिला आहे, कोणत्या कपाटाचं दार वर उचलून उघडावं लागतं, सगळं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला हातात घेतलं आणि म्हणाली, "आणि हा माझा जुना गडी. याचं एक आहे..." तेवढ्यात दारात कुबड्यांचा आवाज झाला. तिनं लहानपणी चालायला शिकवलेली एक मुलगी, आता मोठी बाई झालेली, निरोप द्यायला आली होती. दोघी गळ्यात पडून रडल्या. बाईनं मला टेबलावर ठेवलं ते ठेवलंच. याचं काय आहे, ते सांगायचं राहून गेलं.

नवे सर वाईट नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. हुशार, मनमिळाऊ, पण कायम धावत. बाहेर बाकड्यावर माणसं ताटकळलेली आणि वरून हुकूम, की एका माणसाला पंधरा मिनिटं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला चामड्याच्या टोकाला धरलं, पलीकडचा आकडा वाचला आणि लिहून टाकला. उणे काही केलंच नाही. अहो, तीन! तीन वजा करा! पण टेपाला कुठे तोंड असतं?

पाचव्या की सहाव्या दिवशी एक ताई आली. एकटीच, एका हाताखाली कुबडी, दुसऱ्या हातानं भिंत धरत. शिलाईच्या कारखान्यात काजं-बटणं करायची. तिचे पाय दिवसेंदिवस बधिर होत चालले होते, टाच भाजली तरी तिला कळलं नव्हतं. आता चाकांची खुर्ची लागणार होती. काजंवाली ताई म्हणू या तिला. ती इतकं हळू बोलायची, की सरांना प्रत्येक वाक्य दोनदा विचारावं लागलं. सरांनी तिच्या कमरेशी मला आडवं धरलं आणि म्हणाले, "एकोणचाळीस." माझं टोक धरायला त्यांनी तिलाच सांगितलं होतं. तिच्या बोटांनी ते चामडं चाचपलं. आयुष्य कापडात गेलेली बोटं ती! शिवण कुठे आहे, आतलं कापड कुठे कापलंय, त्यांना लगेच समजलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि बोलायला तोंड उघडलं.

"काही म्हणालात?" सरांनी विचारलं.

बाहेर बाकड्यावर कुणीतरी जोरात खोकलं. ताईनं ओठ मिटले. "नाही, काही नाही. सर, मी जास्त काही मागत नाहीये ना? नाही म्हणणार नाही ना तुम्ही?"

"अहो नाही म्हणायला काय झालं? पुढच्या महिन्यात खुर्ची मिळेल."

मित्रांनो, आता जे सांगतोय ते सांगायला मला लाज वाटते. ती गप्प बसली तेव्हा मला बरं वाटलं. वाटलं, वाचलो! ती बोलली असती, तर सरांनी मला त्याच क्षणी फेकून दिलं असतं. मी स्वतःचा जीव वाचल्याच्या आनंदात होतो, आणि ती चुकीचा आकडा घेऊन भिंत धरत धरत निघून गेली.

त्यानंतर दोन महिने मी कितीतरी अंगांना लागलो. दरवेळी तीन जास्त. रोज संध्याकाळी खणात पडल्यावर मी मनात मोजत बसे, आज किती झाले. आणि मग आले घड्याळजी.

घड्याळजी केंद्रात आले नाहीत, सरच त्यांच्याकडे गेले, मला खिशात घालून. पुढे दुकान, मागे घर. चौकातलं मोठं घड्याळ दुरुस्त करताना ते शिडीवरून पडले होते आणि कमरेखालचं अंग निकामी झालं होतं. आठ महिने पलंगावर. "छताला सतरा तडे आहेत, साहेब," ते म्हणाले, "अठरावा पडायची वाट बघतोय. तेवढाच विरंगुळा." माणूस विनोदी होता, पण पलंगाची चादर त्यांनी मुठीत घट्ट आवळली होती. त्यांना एकच हवं होतं. काउंटरच्या मागे, आपल्या कामाच्या टेबलाशी पुन्हा बसायचं. काउंटर आणि भिंत यांच्यामध्ये एक फट होती, तिच्यातूनच आत जाता येई.

सरांनी कमरेची रुंदी मोजली. "एकोणचाळीस. म्हणजे बैठक एकेचाळीस, चाकांसकट एकसष्ट." मग फट मोजली. "चौसष्ट! अहो, तीन सेंटिमीटर मोकळे राहतायत. आरामात जाल." सर खूश, घड्याळजी खूश, त्यांच्या बायकोनं पदरानं डोळे टिपले. एकटा मीच तिथे मेल्याहून मेल्यासारखा. कंबर खरी छत्तीस होती. फट खरी एकसष्ट होती. मोठ्या खुर्चीला मी खोटी मोठी जागा दाखवली होती. आनंदाच्या भरात सर मला काउंटरवरच विसरून गेले. काकूंनी, म्हणजे घड्याळजींच्या बायकोनं, कधीतरी न्यायला येतील म्हणून मला टेबलावरच्या भिंतीतल्या खिळ्याला अडकवलं. सरांनी बाजारातून नवा टेप आणला असावा. मला शोधत कुणी आलं नाही.

खुर्ची आली. चकचकीत, निळी. पोचवणाऱ्या माणसानं घड्याळजींना बसवलं आणि फटीकडे ढकललं. खर्र! चाकावर धरलेल्या हाताची बोटं काउंटरला घासून सोलपटली.

"अहो, हे बसत नाहीये," काकू म्हणाल्या.

"नवीन आहे. सवय होईल," तो माणूस म्हणाला आणि कागदावर सही घेऊन गेला.

काकूंनी केंद्राला फोन करायचं म्हटलं, तर घड्याळजींनी डोळे वटारले. "खबरदार! खुर्ची कशाला चुकेल? आपला काउंटरच अरुंद. सुताराला बोलाव." सुतारानं काउंटरची कड रंध्यानं तासली. वाडवडिलांच्या वेळचं लाकूड, भुसा होऊन जमिनीवर पडलं. घड्याळजी फटीतून आत गेले, डोळ्याला भिंग लावलं, आणि इतक्या महिन्यांनी पहिलं घड्याळ उघडलं.

मी वर खिळ्यावरून पाहत होतो. त्यांचा उजवा खांदा खाली गेलेला. कमरेच्या दोन्ही बाजूंना रिकामी जागा, त्यामुळे अंग एका बाजूला कललेलं. बैठकही खोल, म्हणून ते हळूहळू पुढे घसरत, मग हातांवर जोर देऊन मागे सरकत, पुन्हा घसरत. दिवसातून शंभरदा. काकूंनी टॉवेलाची गुंडाळी करून बाजूला खुपसली. "वाकडे बसताय हो," त्या म्हणत. "लग्नाच्या आधी पण वाकडाच बसायचो, तुझ्या लक्षात आलं नाही," असं म्हणून ते हसत. मला हसू येत नव्हतं. पुढे काय होतं, ते मापबाईच्या तोंडून मी शंभर वेळा ऐकलं होतं.

इस्पितळातून सोडताना सांगितलं होतं, की रोज सकाळी पाठीमागची कातडी बघायची. खुर्ची आल्यापासून घड्याळजी टाळाटाळ करू लागले. आज घाई आहे, उद्या बघ. काकूंना संशय आला. एका सकाळी त्यांनी दुकानाचं दार आतून लावलं आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आज बघितल्याशिवाय दुकान उघडणार नाही. बघू!"

माकडहाडापाशी लाल डाग होता, कोटाच्या मोठ्या बटणाएवढा. काकूंनी त्यावर बोटानं दाबलं. दाबलं की फिका व्हायला हवा. झाला नाही. त्यांनी पुन्हा दाबलं.

"दुखतंय?"

"मला काय कळणार?" घड्याळजी म्हणाले. आणि मग, हळूच, "मोठा आहे का गं?"

त्या छोट्याशा दुकानात त्या दिवशी भिंतीवरची सगळी घड्याळं टिकटिक करत होती. मला वाटलं, ही टिकटिक त्या डागाचीच आहे.

"मी केंद्राला फोन करते."

"नाही!" ते इतक्या जोरात ओरडले, की काकू दचकल्या. "खुर्ची परत नेतील. म्हणतील, यांना जमत नाही. मग पुन्हा तो पलंग. पुन्हा ते सतरा तडे. मला मार हवं तर, पण तिथे पाठवू नकोस."

"भीड भिकेची बहीण असते, माहीत आहे ना?"

"भीड कसली? मी घाबरलोय." एवढा मोठा माणूस, पण आवाज लहान मुलासारखा झाला होता.

काकूंनी मग बायका काढतात तसा मधला मार्ग काढला. जाड फोमची गादी करून घेऊ म्हणाल्या. हाताशी मीच होतो. मला घेऊन त्यांनी बैठकीची रुंदी मोजली, चव्वेचाळीस आली, आकडा चिठ्ठीवर लिहिला आणि फोमवाल्याला पाठवला. दुपारी गादी आली. खुर्चीत बसेचना, दोन्ही कडांना वर उचलली गेली.

"मेल्याला चव्वेचाळीस लिहून दिलं होतं!" काकूंनी फोमवाल्याचा उद्धार केला.

"थांब जरा." घड्याळजींनी खणातून आपली पोलादी पट्टी काढली. केसाएवढा फरक ओळखणारा माणूस तो. त्यांनी गादी मोजली, पट्टी दोनदा सरकवत. चव्वेचाळीस, अगदी बरोबर. मग खुर्चीच्या बैठकीखाली वाकून चिकटवलेली चिठ्ठी काकूंना वाचायला लावली. एकेचाळीस. दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.

माझी शंभरी भरली, मित्रांनो. घड्याळजींनी मला पट्टीला लावलं, मग बारीक पातं घेतलं आणि चामड्याचे टाके एक एक करून कापले. चामडं गळून पडलं. खाली माझं उघडं टोक होतं. तिथे शून्य नव्हतं. एक नव्हता, दोन नव्हता. सरळ तीन.

त्यांनी त्या तीनावरून बोट फिरवलं. "म्हणजे मी वाकडा नव्हतोच," ते म्हणाले. "मला वाटायचं, माझंच अंग नीट बसत नाही."

काकू मात्र वेगळाच विचार करत होत्या. त्यांनी मला हळूच उचललं, जणू मी गरम होतो. "अहो, हा आपल्याकडे यायच्या आधी कुणाकुणाला लागला असेल?"

माझ्याही मनातलं तेच बाहेर आलं होतं. घड्याळजी फोनपाशी गेले. नंबर फिरवला, ठेवून दिला. पुन्हा फिरवला. "खुर्ची न्यायची असेल तर न्या," ते म्हणाले, "पण आधी इथे या."

तासाभरात नवे सर आले. माझं टोक पाहिलं आणि स्टुलावर बसले. "माझी नोकरी जाईल हो," ते पुटपुटले. "हे आपल्यातच राहिलं तर... मी तुमची खुर्ची गुपचूप बदलून देतो."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यांना वाटलं असेल. घड्याळजी ओरडले नाहीत. त्यांनी फक्त काकूंना विचारलं, "डाग सकाळपेक्षा मोठा झालाय का?" काकू म्हणाल्या, "हो." सरांनी ते ऐकलं. दोन्ही हातांनी तोंड झाकलं, मग उठले आणि म्हणाले, "फोन द्या. बाईंना बोलावतो."

मापबाई आली तशी चपला न काढताच आत आली. मला पाहिलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "डोक्यात ठेवलं रे मी, कागदावर नाही! टेपानं नाही, मी घात केला." सर म्हणाले, "बाई, मी टोकाजवळचे आकडे बघायला हवे होते." दोघं एकमेकांचा दोष आपल्याकडे ओढत होते. काकूंनी दोघांना गप्प केलं. "दोष नंतर वाटून घ्या. आधी यांना डॉक्टरांकडे न्या."

घड्याळजींना सात आठवडे पालथं झोपावं लागलं. छत तरी दिसत नाहीये, असं म्हणून ते हसायचे, पण रोज सकाळी काकू कातडी बघायला आल्या की डोळे घट्ट मिटून घ्यायचे. जखम हाडापर्यंत जाता जाता राहिली. मग अडतीसची बैठक आली. आता ते फटीतून सुळकन आत जातात, तासलेल्या काउंटरला बोटही लागत नाही.

पण गोष्ट तिथे संपत नाही. केंद्राच्या वहीत त्या दोन महिन्यांतली तेवीस नावं निघाली. मापबाई आणि सर मला पिशवीत घालून घरोघरी निघाले. आणि मित्रांनो, तेव्हा मी जे पाहिलं ते कधी विसरणार नाही. एक आजोबा मांडीच्या दोन्ही बाजूंना उश्या कोंबून बसले होते. एका मुलीच्या पायाखाली विटा रचलेल्या. एका बाईनं दाराची चौकट फोडली होती. सगळ्यांचं काहीतरी चुकत होतं, सगळ्यांना ते कळत होतं, आणि एकानंही तोंडातून ब्र काढला नव्हता. विचारलं, तर सगळ्यांचं उत्तर एकच, "परत घेऊन गेले असते तर?" त्यांच्यातल्या चौघांना जखमा झाल्या होत्या.

बावीस माणसं सापडली. बावीस खुर्च्या दुरुस्त झाल्या किंवा बदलल्या. तेविसावं नाव काजंवाल्या ताईचं होतं. आम्ही तिच्या खोलीवर गेलो तर तिथे दुसरंच बिऱ्हाड. शेजारीण म्हणाली, कारखाना बंद झाला, ती खुर्ची घेऊन गेली कुठेतरी, कुठे ते सांगितलं नाही. बाईनं तीन कारखाने पालथे घातले. सर अजून रविवारी शोधायला जातात. ती सापडलेली नाही.

आज मी केंद्राच्या दारातल्या कपाटात असतो, काचेच्या आड. माझ्या अंगावर लाल शाईनं लिहिलंय, "हा तीननं खोटा आहे." मला त्याची लाज वाटत नाही, उलट बरं वाटतं. शेजारी घड्याळजींनी दिलेली पोलादी पट्टी ठोकलेली आहे. रोज सकाळी सगळे टेप तिच्यावर ताणून पाहतात, मगच कामाला लागतात. खुर्ची दिल्यावर पंधरा दिवसांनी सर स्वतः घरी जातात, आणि दारातच पहिलं वाक्य बोलतात, "चुकतंय म्हणालात तर खुर्ची परत नेणार नाही. बोला." माणसं तरीही आधी घाबरतात. मग बोलतात.

मला आता कात्रीची भीती वाटत नाही. दुसरीच भीती वाटते. मित्रांनो, मला पाय नाहीत आणि हे कपाट कुलूपबंद असतं, म्हणून तुम्हालाच सांगतो. कुठल्याशा रस्त्यावर, शिलाईच्या एखाद्या दुकानात तुम्हाला एक ताई दिसेल. हळू बोलणारी, मोठ्या खुर्चीत एका अंगावर कलून बसलेली. तिच्यापाशी जा. ती म्हणेल, "नाही, काही नाही." तेवढ्यावर मागे फिरू नका. पुन्हा विचारा. तिला सांगा, त्या दिवशी तुझ्या बोटांना जे समजलं होतं, ते खरं होतं. चूक टेपाचीच होती. आणि तिला पटकन इकडे घेऊन या, कारण तिच्या पाठीमागे काय झालंय, ते तिला स्वतःला कळणार नाही.